चौथऱ्यावरची व्होल्वो

गोंदिया जिल्ह्यात व्होल्वो म्हटलं की लोकांना बस आठवते. संध्याकाळी निघते, सकाळी पुण्यात उतरवते आणि आत एसी इतका की उन्हाळ्यातही चादर लागते, ती. त्यामुळे रंजिता रामटेके वर्गात म्हणाली, "आपल्याकडे एक व्होल्वो येऊन राहिली आहे, दुरुस्तीला," तेव्हा मागच्या बाकावरून टिकाराम म्हणाला, "ठेवाची कुठी मॅडम? आपलं शेड तं तेवढं लांब नाही."

सगळे हसले. रंजिताही हसली. आमगावच्या बाहेर, धानाच्या बांध्यांना लागून असलेल्या एका खासगी आयटीआयमध्ये ती मोटार मेकॅनिक शिकवायची. नोकरी कंत्राटी. दर वर्षी जूनमध्ये संस्थेचं पत्र आलं की आणखी एक वर्ष. नवरा अतुल नागझिऱ्यात पर्यटकांची जिप्सी चालवायचा, आणि पावसाळ्यात जंगल बंद झालं की घरी बसायचा. ते महिने घर रंजिताच्या पगारावर चाले.

संस्थेत शिकवायला जे इंजिन होतं ते मधोमध कापलेलं होतं. तेल फिरतं तिथे पिवळा रंग, पाणी फिरतं तिथे निळा. मुलं दोन वर्षं ते बघायची आणि परीक्षा पास होऊन बाहेर पडायची. त्या इंजिनातून कधी धूर निघाला नव्हता. रंजिताला त्याची लाज वाटायची. म्हणून कोणी सांगितलं की जवळच्या गावात बंद पडलेल्या राइस मिलमध्ये एक जुनं डिझेल इंजिन पडून आहे, तर ती स्वतः बघायला गेली. डिझेल इंजिन गंजून दगड झालेलं होतं. पण त्याच्या मागे, बारदान्याच्या ढिगाखालून, एक गोल दिवा तिच्याकडे बघत होता.

मिलच्या मालकीणबाई अन्नपूर्णाबाई रहांगडाले दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. पंच्याहत्तरी कधीच ओलांडलेली, अंगानं काटक, एका डोळ्यात मोतीबिंदू.

"ते व्होल्वो हाय," त्या म्हणाल्या. "स्वीडनची. बालाघाटकडं एक गोरा डॉक्टर होता, तो आपल्या देशी वापस जाऊन राहिला होता. त्याच्यापासून यायनं घेतली." यायनं म्हणजे त्यांचे यजमान, गोवर्धन रहांगडाले. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"विकली नाही आजी?"

"भंगारवाला दरसाल येते. मी देत नाही." त्यांनी रंजिताला खालून वर पाहिलं. "तू गाड्या शिकवतं म्हंतं? बाई मानूस होऊन?"

"हो आजी."

"मंग घेऊन जा. तुह्या पोट्ट्यायले शिकाले भेटन. पन चालू झाली का मले सांगजो. मले चालवाची हाय."

रंजिताला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "बसायचं आहे म्हणता ना?"

"बसाची नाही वो. चालवाची. यायनं मले शिकवली होती, याच आंगनात. बोदलकशाच्या तलावाच्या पारीवर मी चालवत नेली होती. ते बाजूले बसून होते."

रंजितानं तिथेच शब्द दिला. संस्थेच्या ग्राउंडवर एक चक्कर, अन्नपूर्णाबाईंच्या हातानं.

गाडी ट्रॅक्टरला बांधून आणली. शेडमध्ये दारं उघडली तर आतून पोतंभर कोंडा निघाला. उंदरांनी मागच्या सीटमध्ये पिढ्यान्‌पिढ्या संसार केले होते आणि वायरिंग कुरतडून खाल्लं होतं. ओल्या कोंड्यानं तळाचा पत्रा असा कुजला होता की टिकारामनं पाय ठेवला आणि तो थेट जमिनीवर उभा राहिला. "मॅडम, ही गाडी पायानं चालवाची हाय का?" तो आतूनच म्हणाला.

पहिल्याच दिवशी खुशबूनं एक बोल्ट खराब केला. खुशबू शेंडे ही त्या बॅचमधली एकमेव मुलगी, कामाला सगळ्यांत पुढे. तेरा नंबरचा पाना बसल्यासारखा वाटला, तिनं जोर लावला आणि बोल्टाचे कोपरे गोल होऊन गेले. ती रडकुंडीला आली. रंजितानं खाली वाकून पाहिलं, मापून पाहिलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की ही गाडी मिलिमीटरची नाही. तिचे सगळे नट-बोल्ट इंचात होते. संस्थेत इंची पान्यांचा एकही सेट नव्हता. तो अन्नपूर्णाबाईंनीच पाठवला. मिलची जुनी यंत्रंही इंचातली होती, त्यांची लाकडी पेटी तशीच पडून होती.

त्यानंतर जे झालं ते रंजितानं आपल्या नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. सुटीची घंटा झाली तरी मुलं जाईनात. जाम झालेल्या इंजिनात डिझेल ओतून ठेवायचं आणि रोज सकाळी येऊन कोण पहिले फिरवून बघतो यावर भांडणं व्हायची. इंटरनेटवर गाडीचं पुस्तक सापडलं ते स्वीडिश भाषेत. खुशबू पानावर मोबाइल धरायची, अक्षरं थरथरत हिंदीत बदलायची आणि ती मोठ्यानं वाचायची. भाषांतरात क्लचचं भलतंच काही झालेलं असायचं, पण चित्रं बरोबर होती. इंजिनाच्या जोडांमधलं पॅकिंग बाजारात मिळालं नाही तर शीटवर हातोडीनं ठोकून कापलं. दोन बिघडली, तिसरं बसलं. ब्रेकची रबरं मिळायला मात्र फार वेळ लागला. गोंदियाचा दुकानदार प्रत्येक वेळी भलत्याच गाडीची द्यायचा.

होळीच्या सुमाराला इंजिन सुरू झालं. आधी नुसतं खोकलं. मग एकदम धडाका झाला आणि सायलेन्सरमधून जळलेला कोंडा फवाऱ्यासारखा बाहेर आला, मागे उभ्या असलेल्या सगळ्यांच्या तोंडावर. पोरं इतकी ओरडली की शेजारच्या बांधीतली माणसं धावत आली. रंजितानं खुशबूला मिठी मारली. दोघींचे चेहरे काळे झाले होते.

तिनं लगेच अन्नपूर्णाबाईंना फोन लावला.

"येऊ का मंग?" त्या म्हणाल्या.

"ब्रेक व्हायचे आहेत आजी. रबर आलं की लगेच बोलावते."

"ब्रेक कायले पाह्यजे? मी हळू चालवन."

रंजिता हसली. पण पंधरा-वीस मुलं आजूबाजूला उभी होती आणि दोन वर्षं ती त्यांना एकच गोष्ट सांगत आली होती: ब्रेक तपासल्याशिवाय गाडी हलवायची नाही. "नाही आजी. ब्रेकशिवाय नाही."

ब्रेक झाले तोवर अन्नपूर्णाबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रायपूरला मुलीकडे गेल्या होत्या. मुलांनी ग्राउंडवर एकेक चक्कर मारून घेतली. रंजितानं ठरवलं, आजी आल्या की त्यांची. आणि नेमक्या त्याच दिवसांत एका दुपारी संस्थेचे सचिव इंद्रकुमारजी आले.

इंद्रकुमारजी वाईट माणूस नव्हते. गोंदियात त्यांचा मोठा धंदा होता, पण संस्थेत येऊन मुलांच्या खांद्यावर हात ठेवून बोलायचे. टिकारामनं त्यांना बाजूला बसवून ग्राउंडला फेरी मारून आणली. ते उतरले तेव्हा त्यांचे डोळे ओलावले होते.

"मॅडम, आपने तो कमाल कर दी," ते म्हणाले. "ही गाडी आता अशी शेडमध्ये नाही ठेवायची. एक मे को झेंडावंदन आहे. गेटवर मस्त चौथरा बांधू, त्याच्यावर गाडी. येणारा-जाणारा बघेल, आमगावच्या पोरांनी काय केलं ते!"

रंजिताला आधी ते नीट समजलंच नाही. "चौथऱ्यावर? पण सर, गाडी चालते."

"वही तो बात है! चलने वाली गाडी है."

"चौथऱ्यावर ठेवली तर चालणार नाही ना सर. पुढच्या बॅचला शिकवता येईल हिच्यावर. दरवर्षी खोलायची, दरवर्षी जोडायची."

"पुढच्या बॅचला इलेक्ट्रिक स्कूटर येऊन राहिली. मंजूर झाली." ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "और सुनिए, गाडीचे कागद नाहीत. नंबर कधीचा रद्द झाला. रोडवर जाऊ शकत नाही. ग्राउंडवर पोरं चालवतात, उद्या कोणाच्या अंगावर गेली तर? जबाबदारी कोणाची? आपकी या मेरी?"

 रंजितानं फक्त एवढंच सांगितलं की अन्नपूर्णाबाईंना चालवू देण्याचा शब्द दिलेला आहे. इंद्रकुमारजी खूश झाले. "त्यांना तर बोलावणारच! त्यांच्याच हातानं उद्घाटन. माताजींना गाडीत बसवू, फोटो काढू."

त्या दिवशी घरी गेल्यावर तिनं अतुलला सगळं सांगितलं. तो अंगणात जिप्सीचं टायर धूत होता.

"तू काऊन भांडून राहिली?" तो म्हणाला. "आपली गाडी हाय का ते? जून आला आता. पत्र देणारा तोच हाय."

"मी भांडलीच नाही," रंजिता म्हणाली. आणि हे खरं होतं, म्हणूनच तिला ते बोलताना त्रास झाला.

ती प्राचार्यांकडे गेली, ते म्हणाले वरून ठरलं आहे. तिनं रायपूरला फोन लावला, अन्नपूर्णाबाईंच्या मुलीनं उचलला. आई झोपली आहे, डोळ्यावर पट्टी आहे, एक तारखेला नक्की आणतो. रंजितानं मग म्हटलं, ठीक आहे. काय सांगणार होती ती? लवकर या, गाडी वर चढवून राहिले?

चौथरा बांधून झाला. गाडी घासून-घासून मुलांनी तिचा मूळचा राखाडी-पांढरा रंग वर आणला होता. ठेकेदाराच्या पेंटरनं त्यावर लालभडक रंग मारला. क्रेननं गाडी उचलली तेव्हा मुलं शेडच्या दारात उभी होती. कोणी व्हिडिओ काढला नाही. वर ठेवल्यावर चाकांभोवती सिमेंट भरायचं होतं आणि खालून लोखंडी चॅनलचे पाय गाडीच्या तळाला वेल्ड करायचे होते. ठेकेदाराचा वेल्डर आला नाही. प्राचार्यांचा निरोप आला, तुमच्याच मुलांकडून करून घ्या, बातमीतही चांगलं दिसेल.

वेल्डिंगला सगळ्यांत चांगला हात टिकारामचा. रंजितानं त्याच्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"मॅडम," खुशबू म्हणाली, "तुम्ही काही बोलत काऊन नाही?"

"बोलली मी."

"मंग?"

रंजितानं वेल्डिंगचा होल्डर आपल्या हातात घेतला. "तुम्ही जा, जेवून घ्या सगळे."

"मॅडम, मी करतो ना," टिकाराम म्हणाला.

"जा म्हटलं ना."

ती गाडीखाली शिरली. मे महिना लागायला आला होता, सिमेंट तापलेलं होतं आणि पाठ भाजत होती. डोक्यावर तोच पत्रा होता जो त्यांनी कापून, वाकवून, जोडून नवीन बसवला होता. तिनं मनाशी ठरवलं होतं, नुसते टाके मारायचे. दोन इकडे, दोन तिकडे. उद्या कोणाचं मन बदललं तर ग्राइंडरनं अर्ध्या तासात निघतील असे. तिनं टाके मारले आणि बाहेर आली. ठेकेदाराच्या माणसानं वाकून बघितलं आणि चॅनलला पाय मारला. गाडी हलली.

"मॅडम, पब्लिक चढेल वर फोटोला. लेकरं लोंबकळतील. पूर्ण मारा."

 तो बरोबर बोलत होता. उद्या एखाद्या लेकराच्या पायावर गाडी सरकली तर तो टाका तिचा होता. ती पुन्हा खाली शिरली, नवा रॉड लावला आणि पूर्ण वेल्ड ओढली, चारही बाजूंनी, जशी ती मुलांना शिकवायची तशीच, सलग, कुठे भोक न ठेवता. मग आत हात घालून इंजिनातलं तेल काढलं. नवीनच घातलेलं होतं, मधासारखं होतं अजून.

एक मेला स्पीकरवर देशभक्तीची गाणी लागली. चौथऱ्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या, समोर स्टीलची रेलिंग आणि मोठ्या अक्षरांत संस्थेचं नाव. अन्नपूर्णाबाई नातवाच्या गाडीतून उतरल्या. डोळ्याला काळा चष्मा, अंगावर कडक इस्त्रीचं लुगडं. लुगड्याखाली पायात पांढरे कापडी बूट होते.

त्या हळूहळू चौथऱ्यापाशी आल्या. मान वर केली.

"वर काऊन ठेवली?"

रंजिता त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. स्पीकरमुळे तिला ओरडून बोलावं लागलं. "आता इथेच राहणार आजी!"

"खाली कवा उतरवता मंग?"

"उतरवत नाही आजी!"

अन्नपूर्णाबाईंनी चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लाल होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग परत तिच्याकडे. त्यांना अजून वाटत होतं की यात काहीतरी गंमत आहे. तेवढ्यात इंद्रकुमारजी आले, वाकून पाया पडले. "माताजी, आइए, बैठिए अंदर. फोटो होऊन जाऊ द्या."

लोखंडी शिडी आणली होती. नातवानं आणि रंजितानं धरून त्यांना वर चढवलं आणि स्टिअरिंगमागे बसवलं. अन्नपूर्णाबाईंनी आधी सीटवर नीट सरकून घेतलं. डावा पाय क्लचवर ठेवला, दाबला. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून तो पहिल्यात टाकला. बरोबर पडला. मग त्यांनी स्टिअरिंग फिरवायला घेतलं आणि ते फिरेना. त्यांनी जोर लावला. मनगटावरच्या शिरा वर आल्या.

"चाकं सिमेंटमध्ये आहेत आजी," रंजिता खिडकीतून म्हणाली.

"माताजी, इधर देखिए," फोटोग्राफर म्हणाला.

त्यांनी तिकडे पाहिलं. फोटो झाला. टाळ्या झाल्या. त्यांना खाली उतरवलं तेव्हा त्या रंजिताच्या दंडाला धरून क्षणभर थांबल्या.

"चपला घालून चालवाची नाही, यायनं सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून बूट घातले."

मग नातू त्यांना घेऊन गेला.

जूनमध्ये रंजिताला आणखी एका वर्षाचं पत्र आलं. पुढे परीक्षा झाल्या. टिकारामला चाकणच्या एका कारखान्यात अप्रेंटिसशिप मिळाली आणि तो संध्याकाळच्या त्या व्होल्वो बसनं गेला. खुशबू नागपूरला लागली. मुलाखतीत दोघांनीही गाडीबद्दल सांगितलं होतं, इंची पान्यांबद्दल, हातानं कापलेल्या पॅकिंगबद्दल. इंद्रकुमारजींनी हे प्रत्येक सभेत सांगायला सुरुवात केली, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत एका रविवारी रंजिता अन्नपूर्णाबाईंच्या घरी गेली. काय बोलायचं ते ठरवून गेली होती, पण त्यांनी बोलूच दिलं नाही. आधी चहा, मग पोहे. मिलच्या मोकळ्या जागेत आता नातवानं धानाची पोती भरली होती. अन्नपूर्णाबाई इकडचं तिकडचं बोलत राहिल्या. रोवणीला बाया मिळत नाहीत, डोळ्याला आता लांबचं दिसते पन जवळचं नाही.

शेवटी रंजितानंच म्हटलं, "आजी, मी शब्द दिला होता. मला थांबवता नाही आलं."

"तुह्या हाती होतं का?"

"नव्हतं. पण आधीच चालवू द्यायला पाहिजे होती. होळीलाच. ब्रेक नसते तरी ग्राउंडवर काय झालं असतं?"

 अन्नपूर्णाबाई बाहेर अंगणाकडे बघू लागल्या. "बोदलकशावरून वापस आलो," त्या म्हणाल्या, "तं सासरे दारातच उभे होते. कोनीतरी सांगून देल्लं होतं. त्याईनं हात समोर केला. मी चाबी देल्ली. यायनंबी काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी डायवर ठेवला. त्याच्यावर आता कायचा राग. सारे मरून गेले."

रंजितानं बशी खाली ठेवली.

"चांगली चालू झालती ना पन?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं. "आवाज कसा होता? यायच्या वेळी मोठा गोड आवाज होता."

इंजिन सुरू झालं त्या दिवशी खुशबूनं काढलेला व्हिडिओ रंजिताच्या फोनमध्ये होता. तिनं आवाज पूर्ण मोठा केला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. अन्नपूर्णाबाईंनी डोळे मिटले. आधी कोणीतरी म्हणालं, मार सेल्फ. मग एक खोकला. मग धडाका, आणि त्याच क्षणी पोरांचा जो गलका झाला तो शेवटपर्यंत थांबलाच नाही.

व्हिडिओ संपला.

"हा तं पोट्ट्यायचाच आवाज हाय," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"थांबा आजी." रंजितानं पुन्हा लावला. स्वतःच्या कानाला लावून बघितला, मागे घेतला, पुढे केला, कुठेतरी अर्धा क्षण तरी गाडीचा मिळेल म्हणून. सगळीकडे मुलं ओरडत होती. एका ठिकाणी तिचाच आवाज होता, खुशबू, खुशबू, असा.

"राहू दे," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी रंजिताच्या बशीत आणखी पोहे वाढले. "खाय. पानी येऊन राहिलं, मंग तुले ऑटो नाही भेटनार."

रंजितानं फोन पर्समध्ये ठेवला आणि खायला घेतलं.